फोनवरची गौरी

बेबी, शेवटी मी तुझ्या घरी जाऊन आले. तू असताना किती बोलावलंस. तेव्हा कधी माझे गुडघे दुखत होते, कधी पाहुणे येणार होते, कधी नळाला पाणी नव्हतं. तू गेलीस आणि गुडघे एकाएकी बरे झाले. ऐरोलीहून कामोठं म्हणजे काही सातासमुद्रापलीकडचा मुलूख नाही, हे तू मला इतकी वर्षं सांगत होतीस. ते मला तुझ्या माघारी पटलं.

दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर बायका बसलेल्या, समोर खुर्चीवर तुझा हार घातलेला फोटो. मी फोटोकडे पाहिलं आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. खरं सांगते. माझ्या मनातली बेबी उंच, काटक, जराशी वाकलेली होती. फोटोतली बाई ठेंगणी, गुबगुबीत गालांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ही कोण, असंच मनात आलं. परक्या माणसाला जोडावेत तसे हात जोडले आणि भिंतीला टेकून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमी कोनाकरच्या?" काय सांगणार? नातं नाही, गाव नाही, शेजार नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, पानी घ्या," आणि माझा बांध फुटला. तो तुझा आवाज होता. तुझी लेक सुनीता तांब्या घेऊन उभी होती. मी तिचा हात धरून अशी रडले की बायका वळून बघायला लागल्या. एवढं रडणारी ही कोण, हे त्यांना कळेना आणि मला सांगता येईना.

आपली ओळख तरी कशी झाली, तर भांडणातून. दिवाळीच्या तोंडावर मी चकल्या तळायला घेतल्या आणि पहिल्याच घाण्याला कडू, काळ्या निघाल्या. माझं डोकं फिरलं. मी फटकळ, हे तुला माहीत आहेच. गिरणीवाल्या बाईला फोन लावला आणि पलीकडून 'हॅलो' येताच सुटले. भाजणीत दुसऱ्याचं जळकं दळण मिसळलंस, सणासुदीला माणसाचा असा घात करतात का, तुझ्या गिरणीला कुलूप लावीन, काय काय बोलले. तू सगळं ऐकून घेतलंस. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणालीस, "उडदाची डाल किती वेल भाजलीस गो?" मी म्हटलं, चांगली लाल होईपर्यंत. तू म्हणालीस, "मग गिरनवाली काय करंल? उडीद नुसता ऊन करायचा. आनि बाय, ही गिरन नाय. मी बेबी. तुजा नंबर चुकला."

मी फोन ठेवून दिला. माफीसुद्धा मागितली नाही, इतकी ओशाळले. मग पुन्हा भाजणी केली, तुझ्या सांगण्याप्रमाणे उडीद नुसता ऊन केला, आणि चकल्या अशा खुसखुशीत झाल्या की कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. नीलेश आणि मेघना, म्हणजे माझा मुलगा आणि सून, दोघं ऑफिसात. मी पुन्हा तोच चुकीचा नंबर लावला. या वेळी मुद्दाम.

तिथून पुढे आपली दुपार ठरून गेली. जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी घातली की तुझा नाहीतर माझा फोन. तुझ्याकडे तो साधा बटनांचा फोन. तुझ्या नातवानं त्याच्या फोनवर मला तुझा फोटो पाठवू का विचारलं, तर तू पलीकडून ओरडलीस, "नको. तिनं मना आवाजानं वलखलंय, तोंड बघून काय करायचंय तिला?" मलाही बरं वाटलं. तुला माझ्या पांढऱ्या केसांची, सुटलेल्या पोटाची ओळख नव्हती. मला तुझ्या घरातला कुकर माहीत होता, तो तीनच्या जागी दोनच शिट्ट्या करून रुसायचा. तुझा पंखा कुरकुरायचा. तू सुकट भाजायला घेतलीस की मी फोन कानापासून लांब धरायची, शाकाहारी ना मी. तुला ते कळायचं आणि तू हसत सुटायचीस.

आणि तुझं ते 'हं'. मी बोलत असले की तू मधे बोलायची नाहीस, नुसतं ओठ मिटून 'हं' करायचीस, तोंडात काहीतरी धरल्यासारखं. मी वैतागून म्हणायची, "आधी ती सुपारी थुंक आणि मग बोल." तू पुन्हा 'हं' करायचीस. त्या 'हं'वर मी काय काय सांगितलं तुला! माझे यजमान वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होते. ते गेले तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि रडू नंतर आलं, हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. वाटलं, आता ही फोन ठेवील. तू म्हणालीस, "मग? त्या दिवशी जेवलीस का?" बाकी कुणी मला हे विचारलं नव्हतं.

तूही सांगायचीस. तुमच्या भाताच्या खाचरावर आता टॉवर उभा आहे, हे सांगताना तुला रडू येत नसे. "आमी गुडघाभर चिखलात उभी राहायचो, आता तितं लोक लिफ्टनं वर जातान," म्हणायचीस आणि विषय बदलायचीस. मी साताऱ्याकडची, मुलाच्या नोकरीमागं या शहरात आलेली. मी राहते त्या इमारतीखालीही कुणाचं तरी खाचर असेल, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

आता लाजेची गोष्ट. मी ती तुला जिवंतपणी सांगितली नाही. आता सांगते आहे, म्हणजे सांगितल्यातच जमा नाही. पण ऐक.

मेघनाला दिवस गेले. घरात पहिलं मूल येणार. नीलेशनं बजावलं होतं, "आई, तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलू नकोस." मी मान डोलावली आणि दुपारी तुला सांगून मोकळी झाले. तू 'कुणी' नव्हतीस ना. तू एवढी हरखलीस की फोनवरच म्हणालीस, "बघ, आमच्यातली गौर घरात आली की पोर येनार तुज्याकडं. गौरीच्या सनाला बरोब्बर." तू महिने मोजले होतेस. मी नव्हते मोजले.

चौथा महिना लागला होता. सकाळी मेघनाच्या पोटात दुखायला लागलं, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी होती. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा नीलेश मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि म्हणाला, "आई, आता यावर घरात एक शब्द नको. तिला विसरू दे." त्याचं चुकलं असं म्हणत नाही, त्याचाही जीव तुटत होता. मेघना चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि पाचव्या दिवशी उठून ऑफिसला गेली. आम्ही तिघं रोज एकत्र जेवायचो. आमटीत मीठ कमी आहे का, याच्या पलीकडे कुणी काही बोलत नव्हतं.

तुला सांगायचं ठरवून मी फोन लावला होता, शपथेवर सांगते. पण तू मला 'हॅलो'सुद्धा म्हणू दिलं नाहीस. "काय गो, इतके दिवस फोन नाय? सून काय म्हन्ते? आंबट मागते ना?" तुझ्या आवाजात एवढा आनंद होता की माझ्या घरात तेवढा कुठंच उरला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "कैरी मागते." बस. एवढंच. एका कैरीवरून झालं सगळं.

दुसऱ्या दिवशी खरं सांगू म्हटलं. तर तू म्हणालीस, पोरीला जिने चढू देऊ नको. मी म्हटलं, नाही चढू देत. तिसऱ्या दिवशी तू ओटीचं विचारलंस. मग डोहाळजेवण झालं, आपण दोघींनी फोनवर बेत ठरवला, तू नारळीभातावर अडून बसलीस. आणि बेबी, मला ते आवडायला लागलं होतं. ते कबूल करताना आजही मान वर होत नाही. आमच्या घरात मेघनाला रडायलाही जागा मिळाली नाही, आणि मी मात्र रोज दुपारी तुझ्याकडे येऊन आजी होत होते. तिच्या दुःखातून मी माझ्यापुरतं सुख काढून घेतलं आणि तिला पत्ता लागू दिला नाही.

गौरीच्या सणाला तुमच्याकडे सुपावरच्या गौरी आल्या, माझ्याकडे नात. तू फोनवर नाचत होतीस. म्हणालीस, "नीलेशला बहीन नाय, मग बारशाला आत्या कोन? मीच आत्या." वयानं आजी आणि मानानं आत्या. बारशाच्या दिवशी मेघना ऑफिसात होती, नीलेश ऑफिसात होता. तू म्हणालीस, "फोन लाव तिच्या कानाला. नाव कानातच सांगायचं असतं. तू ऐकू नको." मी माझ्या पलंगावर उशी आडवी ठेवली, तिच्यावर फोन ठेवला आणि खरोखरच दोन पावलं मागं सरले. कुणी बघणारं नव्हतं, सोंग करायची काही गरज नव्हती, तरी मागं सरले. तू 'कुर्रर्र' केलंस, काहीतरी पुटपुटलीस आणि पाळणा म्हणायला लागलीस. त्या लहानशा फोनमधून तुझा आवाज आमच्या खोलीभर पसरला. मी दाराच्या चौकटीला धरून ऐकत होते. पाळणा संपला तशी तू हाक मारलीस, "शालन, ये आता. गौरी ठेवलंय नाव. हसली का गो?"

मी म्हटलं, हसली.

मग ती वाढायला लागली. पालथी पडली, रांगली, तिला दात आले. मूल कधी काय करतं हे मी नीलेशवरून विसरून गेले होते, पण तू विसरली नव्हतीस. तूच विचारायचीस, "आता बसत असंल ना?" आणि मी बसवायची. तिचं नाक मी नीलेशचं दिलं. राग मेघनाचा दिला, कारण आमची मेघना चिडली की एकदम गप्प होते, आणि गप्प राहणारं लेकरू सांभाळायला सोपं, फोनवर तर फारच सोपं. एकदा तू म्हणालीस, तिचा आवाज तरी ऐकव. मी म्हटलं, झोपलीय. दुसऱ्यांदा म्हणालीस, मी म्हटलं, आईजवळ आहे. तिसऱ्यांदा काय केलं तेही ऐक. फोन घेऊन सोसायटीच्या बागेत गेले. घसरगुंडीपाशी लोकांची पोरं खेळत होती. मी बाकावर बसून तुला फोन लावला. तू म्हणालीस, "ती वरडते ती आपलीच ना?" कुणाची तरी लाल फ्रॉकमधली पोर होती. मी म्हटलं, हो, तीच. पुढे मी बरेचदा बागेतूनच फोन करू लागले. ऊन असलं तरी.

तुझा आग्रह मात्र थांबेना. पोरीला घेऊन ये. एक दिवस राहायला ये. नाहीतर मी येते, सुनीता सोडील. मी गुडघे पुढे करायची. एकदा तू चिडलीस. "माजी पोर म्हन्तंस, नाव मी ठेवलंय, आनि दाखवत नायस. आमी तुमच्यासारखी शिकलेली नाय म्हनून काय?" बेबी, म्हणजे तू असं समजत होतीस तर! मी 'नाही गं, तसं नाही' एवढंच म्हणत राहिले. कसं आहे ते सांगितलं नाही. तुला वाटू दिलं की तुझ्या घरी यायला मी नाक मुरडते. माझं खोटं उघडं पडण्यापेक्षा तुझा अपमान झालेला मला चालला. नंतर आपण कितीतरी दिवस बोललो नाही. शेवटी फोन तूच केलास. आवाज बसलेला होता. म्हणालीस, "बरं, नको दाखवू. सांग तरी."

आणि आणखी एक दुपार मला सारखी आठवते. तू त्या दिवशी आपणहून, हळू आवाजात सांगितलंस की सुनीताच्या पाठीवर तुला एक मुलगी झाली होती आणि ती राहिली नाही. "कोनी तिचं नाव घेत नाय घरात. मी घेते, एकटी असली की."  पंखा कुरकुरत होता. एरवी तू लगेच विषय बदलायचीस, त्या दिवशी बदलला नाहीस. तुला कळलं होतं का गं? तू मला दार उघडून देत होतीस का? मी आत आले नाही. मी म्हटलं, "अगंबाई, गौरी उठली वाटतं," आणि फोन ठेवला. त्यानंतर तू तिचा आवाज ऐकव असं कधी म्हणाली नाहीस. तुला खरंच कळलं होतं, की तू नुसतंच मुकाट्यानं माझं ऐकून घेतलंस, हे आता मला कोण सांगणार?

तू गेल्याचा फोन सुनीतानं केला, तुझ्याच नंबरावरून. मी 'बोल गं' म्हटलं आणि पलीकडून तुझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "ऐरोलीच्या मावशी ना? आई गेली." मला क्षणभर वाटलं, तूच तुझ्या आईचं सांगते आहेस.

तर तुझ्या घरी, पाणी पिऊन झाल्यावर, सुनीतानं सगळ्यांना सांगितलं, "ही ऐरोलीची मावशी. गौरीची आजी." आणि सतरंजीवरच्या सगळ्या बायकांचे चेहरे मऊ झाले. "आगो, गौरीची आजी!" ती शेजारची म्हणाली, "बारशाला आमी सगली हितंच बसली होतो. बेबीनं फोनवर पालना म्हटला, आमी मागून म्हटला." मला त्या दिवशी मागे बायकांचे आवाज ऐकू आले होते. मला वाटलं, टीव्ही चालू असेल. तुझा नातू आला, त्यानं विचारलं, "गौरीला का नाय आनलं?" तुझ्या घरात सगळ्यांना ती माहीत होती. माझ्या घरात एकालाही नव्हती.

सुनीता जवळ बसली. "कशी हाय गौरी? आई शेवटपर्यंत तिचंच बोलत होती." समोर तुझा फोटो होता. सांगून टाकायला याहून चांगली जागा कुठली होती? पण एवढी माणसं बघून माझी जीभ पुन्हा तिकडेच वळली. मी म्हटलं, "बरी आहे." तुझ्या फोटोसमोर, तुझ्या मयताच्या घरात, पुन्हा. त्या वेळी धरणीनं पोटात घेतलं असतं तरी मी कुरकुर केली नसती.

मग सुनीता आतून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत लहानशी गोधडी होती. तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ चारी बाजूंनी, मधे फुलाफुलांचे तुकडे, टाके इतके बारीक की बोटाला लागत नव्हते. "गौरीसाठी शिवली. टाक्यांची एकच वल राहिली, सुई तशीच हाय बघा. मी घालते म्हटलं तर आई म्हनाली, ऱ्हाऊ दे, तिच्या घरचं कोनतरी घालंल." मी विचारलं, कधी शिवायची? सुनीता हसली. "तुमच्याशी बोलताना. फोन खांद्यात धरायची आनि दोरा असा वठात. आमी म्हनायचो, आई, बोल तरी नीट, नुसती हं हं करते."

सुपारी नव्हती, ओठांत दोरा होता तर! आणि मी तुला थुंकायला सांगत होते.

परत येताना मानसरोवर स्टेशनच्या बाकावर बसले. मनात आलं, पिशवी इथंच ठेवून द्यावी. कुणीतरी उचलेल, कुणाच्या तरी पोराच्या अंगावर पडेल. घरी नेली तर मेघनाला काय सांगू? तिच्यासमोर लहान मुलाची गोधडी न्यायची? दोन गाड्या जाऊ दिल्या. ठेवून निघालेसुद्धा होते, चार पावलं गेले आणि मागं फिरले. तुझी सुई आत होती. कुणाला तरी टोचली असती.

दार मेघनानंच उघडलं. नुकती ऑफिसातून आली होती, पर्स अजून खांद्याला होती. पिशवीतून हिरवा काठ डोकावत होता. तिनं तो ओढला, गोधडी निम्मी बाहेर आली, आणि तिचा हात तिथंच थांबला. "कुणाचं बाळ आहे, आई?" खालच्या मजल्यावरच्यांचं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं, सवय होती ना. पण मी म्हटलं, "आपलं." आणि मग सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, दारातच. कैरीपासून. उशीवर फोन ठेवला तेही, बागेतली ती लाल फ्रॉकची पोरही. मेघना ऐकत होती. मधेच एकदा म्हणाली, "माझं बाळ तुम्ही फोनवर..."  आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. ती जेवायला आली नाही. नीलेशनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. तेवढं तरी खरं बोलले.

मला वाटलं, ही सून आता माझ्या हातची राहिली नाही. ती घर सोडून गेली असती, मला गावी पाठवलं असतं, तरी मी काय तोंडानं काही म्हणणार होते? माझ्या वयाच्या बाईनं खोट्या नातीचं बारसं केलं. हे ऐकायलाही कसंतरी वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली नाही. नीलेश गेला. मी भांडी घासून पालथी घातली आणि सवयीनं पलंगावर येऊन बसले. तुझ्या फोनची वेळ झाली होती. फोन हातात घेतला आणि मग आठवलं. मेघना दारात आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. हातात गोधडी होती. शेजारी बसली आणि गोधडी मांडीवर पसरली. बराच वेळ नुसती टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"नाव काय ठेवलं होतं?"

"गौरी."

"कुणी ठेवलं?"

"बेबीनं. कानात सांगितलं."

तिनं हिरवा काठ मुठीत धरला. मग इतक्या हळू म्हणाली की मला वाकून ऐकावं लागलं, "केवढी झालीय आता?"

"तीन व्हायची आहेत. गौरी-गणपतीत होतील."

"बोलते?"

"बोलते की. पण चिडली की एकदम गप्प होते."

मेघना रडायला लागली. इतक्या दिवसांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही. रडून झाल्यावर ओढणीनं तोंड पुसलं आणि गोधडी उलटसुलट करून राहिलेली ओळ शोधली. तुझी सुई तिथंच होती. तिनं ती काढून उजेडात धरली.

"सांगा ना, आई," ती म्हणाली. "सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी सांगायला लागले. गौरीच्या केसांचं सांगितलं, तिला घसरगुंडीची भीती वाटते ते सांगितलं. मेघनानं सुईत दोरा ओवला, त्याचं टोक ओठांत धरलं आणि पहिला टाका घातला. मी थांबले, तशी तिनं वर पाहिलं.

"हं," ती म्हणाली.